खारं फुटलेलं रान

आमच्या आजीला माती चाखायची सवय होती. ओढ्याकडेच्या खालच्या पट्टीत गेली की ती चिमूटभर माती जिभेवर ठेवी, थुंकून टाकी आणि सांगे, "ही नुसती खारी. धुतली तर येईल वळणावर." दहा पावलांवर पुन्हा चिमूट. "ही मातर चोपण. हिचं काय खरं न्हाई."

ही पारख तिला सासूकडून मिळालेली, आणि सासूने तर पाट येताना पाहिलेला. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खन होरपळलं, त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला. १८८५ मध्ये पाणी सुटलं. बायकांनी पाटाची ओटी भरली म्हणे. आधी लोक पाणी घ्यायला बिचकत. मग ऊस आला, आणि रान वर्षभर ओलं राहू लागलं. "म्होरं खालच्या रानात पांढरं फुटलं," आजी सांगे. "हिरीचं पाणी हाताला लागंल एवढं वर आलं. जिमिनीला पाणी पाजलं, पर भाईर जायाला वाट न्हाई ठेवली."

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकताना ग्रंथालयात एक जुनी पुस्तिका हाती आली. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर लिहिलेली, साल १९१०. कालव्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झालेली. कपाटाशी उभ्या उभ्याच वाचत राहिले. पणजीच्या गोष्टीला तारीख मिळाली होती.

पुढची सगळी नोकरी याच मातीत गेली. काळ्या मातीतली चिकण भिजली की फुगते, पाणी खाली मुरायला फार वेळ घेते. रोज पाजलेलं पाणी साचत साचत भूजल वर आणतं, केसासारख्या बारीक नळ्यांतून ते पृष्ठाशी चढतं, ऊन पाणी नेतं आणि क्षार मागे ठेवतं. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की चोपण. मग कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, आणि जिप्सम घातल्याशिवाय ती धुतलीही जात नाही. आजीची जीभ हेच दोन प्रकार वेगळे करत होती. तिने "धुतली तर" म्हटलेली पट्टी मी पुढे तपासली. शब्द खरा होता.

मातीचं उत्तर मात्र प्रयोगशाळेत मिळून भागत नाही. आजोबांनी चर खणला होता, पण ओढा भावकीच्या बांधापलीकडे. एका पावसाळ्यात तो चर कोणीतरी बुजवला आणि दोन घरांचं बोलणं तुटलं. माझं पाणी निघायला तुझ्या शेतातून वाट लागते; कितीतरी गावांत मी नकाशा गुंडाळून परतले ते याच वाक्याशी येऊन. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकायचं तंत्र चांगलं आहे, पण त्यालाही शेवटी तोंड ओढ्यातच काढावं लागतं.

आमच्या पट्टीला ते तोंड मिळायला तीन पिढ्या गेल्या. बुजवणाऱ्यांच्या नातवाने स्वतःच येऊन बांध दाखवला. त्या वर्षी पहिल्या पाळीनंतर पाइपातून गढूळ धार ओढ्यात पडू लागली. वाहकता मोजायचा मीटर पिशवीतच राहिला. मी बोट बुडवून जिभेला लावलं. कडक खारट.