नवे मॉडेल आणि वरणगावचा मे महिना

भुसावळहून नागपूरच्या रस्त्याला लागले, की दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि त्यानंतर थोड्याच वेळात वरणगाव येते. १९६४ मध्ये येथे बंदुकीची काडतुसे बनवणारी आयुध निर्माणी स्थापन झाली आणि गावाचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. गेल्या मे महिन्यात आम्ही तेथे एका शिक्षक मित्राकडे मुक्कामाला होतो. खानदेशातील मे महिना म्हणजे काय, हे त्या भागातील वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तर तेथे त्याची बातमी होत नाही.

संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकल्या होत्या आणि वाद रंगला होता तो मोबाइल फोनवरून. मित्राचा फोन चार वर्षांपूर्वीचा. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत उतरायची. कधी तीस टक्के शिल्लक दाखवत असतानाच फोन एकाएकी बंद पडायचा. शिवाय तो संथ झाला होता. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी नव्या मॉडेलचा तक्ताच समोर ठेवला.

"बाबा, प्रोसेसर दोन पिढ्या पुढचा आहे. कॅमेरा दोनशे मेगापिक्सेलचा. अजून किती दिवस हा डबा वापरणार?"

"डबा म्हणू नको भो. टाळेबंदीत माझा अख्खा नववीचा वर्ग याच डब्यावर शिकला."

नव्या फोनची किंमत तीस हजारांच्या आसपास होती आणि तेवढेच पैसे धाकटीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते. त्यामुळे वाद वरवर पाहता प्रोसेसरचा असला, तरी मित्राचे लक्ष दुसरीकडे होते. इतका वेळ गप्प बसलेले त्यांचे चुलतभाऊ, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आप्पा, मध्येच म्हणाले, "तुमच्या त्या तक्त्यात पंचेचाळीस अंशाला काय होतं, ते कुठं लिहिलंय?"

मुले हसली. आम्हाला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. दूरध्वनीच्या इतिहासात तो एकदा अतिशय गंभीरपणे विचारला गेला होता आणि त्याच्या उत्तरातून आपल्या देशात मोठे काम उभे राहिले होते.

मुळात 'नवे मॉडेल घ्यावे का?' असे विचारण्याची वेळ आपल्यावर आली ती अलीकडे. अमेरिकेत १९२०च्या दशकात जनरल मोटर्सने मोटारीचे रूप दरवर्षी थोडेथोडे बदलण्याची प्रथा पाडली. जुनी गाडी उत्तम चालत असतानाही ती जुनी वाटू लागावी, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे १९९१ पूर्वी परिस्थिती अगदी उलटी होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, दूरध्वनीसाठीही तेच. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज आले १८८२ मध्ये, म्हणजे बेलच्या पेटंटनंतर अवघ्या सहा वर्षांत. आणि त्यानंतर शंभर वर्षांनीही बहुसंख्य खेड्यांत फोन नव्हता. काळे, जड, तबकडीचे यंत्र एकदा घरात आले, की ते बदलण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे.

या टप्प्यावर, १९८४च्या ऑगस्टमध्ये, 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली. तिच्यामागील प्रमुख प्रेरणा सॅम पित्रोदा यांची. त्यांचा जन्म ओडिशातील टिटलागढचा, आणि टिटलागढचा उन्हाळा खानदेशाच्या उन्हाळ्याशी सहज स्पर्धा करील असा. त्या वेळी परदेशात मिळणारी अंकीय एक्सचेंजे हजारो जोडण्यांची होती, मोठ्या शहरांसाठी आखलेली होती आणि त्यांना वातानुकूलित खोली लागत असे. सी-डॉटच्या अभियंत्यांनी खेड्यासाठी केवळ १२८ जोडण्यांचे छोटे एक्सचेंज आखले आणि ते वातानुकूलनाशिवाय चालले पाहिजे, अशी अट स्वतःला घालून घेतली. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे असे पहिले एक्सचेंज बसले.

ही अट किती कठीण होती, ते समजण्यासाठी नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरते. विजेवर चालणारा प्रत्येक भाग तापतो आणि ती उष्णता त्याला भोवतालच्या हवेत सोडावी लागते. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे ढोबळमानाने भाग आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. समजा, एखादा भाग ७० अंशांपर्यंत सुरक्षित आहे. खोली २५ अंशांची असेल, तर फरक ४५ अंशांचा मिळतो. खोली ४५ अंशांची असेल, तर उरतात २५ अंश. म्हणजे तोच भाग साधारण निम्मीच उष्णता बाहेर टाकू शकतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे खोली थंड करणे. दुसरा, मुळात उष्णताच कमी निर्माण करणे. सी-डॉटने दुसरा उपाय निवडला आणि कमी वीज खाणारे भाग वापरले. जोडण्यांची संख्या आणि क्षमता यांचा तक्ता मांडला असता, तर हे एक्सचेंज परदेशी यंत्रापुढे खुजेच दिसले असते. पण ज्या गावात विजेचाच भरवसा नाही, तेथे वातानुकूलित खोली मागणारे यंत्र कितीही प्रगत असले तरी ते बंदच राहणार. पुढे गावोगावी पिवळ्या पाट्यांची जी एस.टी.डी. केंद्रे दिसू लागली, त्यांच्यामागे अशा एक्सचेंजांचा मोठा हात होता.

मोबाइल फोन आला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. सुरुवातीच्या काळात बोलण्याचा दर मिनिटाला सोळा-सतरा रुपयांपर्यंत जात असे आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. येणारे फोन २००३ मध्ये मोफत झाले आणि त्याच वर्षी नोकियाचे ११०० हे मॉडेल बाजारात आले. त्यात कॅमेरा नव्हता आणि पडदा रंगीत नव्हता. होते ते धूळ आत जाऊ न देणारे कळफलकाचे आवरण, घामेजल्या हातातून सहज न निसटणारी बाजू आणि विजेरी. जगभर पंचवीस कोटींहून अधिक खपलेल्या या फोनच्या आखणीत कोणीतरी आप्पांसारखेच प्रश्न विचारले असावेत, असे आम्हाला वाटते.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे अशी होती, की नवे मॉडेल घेणाऱ्याला वेडा म्हणता आले नसते. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन. स्पर्शपटल, नकाशे आणि चांगला कॅमेरा खिशात आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने केवळ ४-जी पद्धतीची सेवा सुरू केली, तेव्हा जुन्या फोनला ती घेताच येत नव्हती. फरक संख्येचा नव्हता. जुना फोन ते काम करूच शकत नव्हता.

आता तसे राहिलेले नाही, कारण अनेक बाबतींत आपण निसर्गाने घातलेल्या कुंपणापाशी येऊन पोहोचलो आहोत. पडद्याचेच पाहा. निरोगी डोळ्याला एकमेकांपासून वेगळे दिसू शकणारे दोन बिंदू साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करतात. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर हे अंतर सुमारे ०.०८७ मिलिमीटर येते. म्हणजे इंचाला सुमारे २९० बिंदू. (हे गणित मुलांकडून वर्गात जरूर करून घ्यावे, अर्ध्या तासाचे काम आहे.) २०१० मधील आयफोन ४ या फोनच्या पडद्यावर इंचाला ३२६ बिंदू होते. त्यानंतर बिंदू वाढत गेले, डोळा मात्र तोच राहिला.

कॅमेऱ्याचेही तसेच. दोनशे मेगापिक्सेलच्या संवेदकात एकेक चौकोन सुमारे ०.६ मायक्रोमीटरचा असतो आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच मुळी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. इतक्या लहान चौकोनात प्रकाश फारच थोडा पडतो. म्हणून असे फोन एरवी सोळा चौकोन एकत्र करून एक बिंदू बनवतात. दोनशेला सोळाने भागा. साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र हाती येते. भरपूर उजेडात दोनशेचा उपयोग होतो, हे मान्य. पण मित्राचा कॅमेरा मुख्यतः फळ्याचे आणि शासकीय परिपत्रकांचे फोटो काढतो.

प्रोसेसर खरोखरच पुढे गेले आहेत, हे मुलाचे म्हणणे बरोबर होते. परंतु वेगाचे जे आकडे तक्त्यात येतात, ते बहुधा थंड खोलीत मोजलेले असतात. फोनला पंखा नाही. आतील चकती फार तापली, की ती आपला वेग आपणच कमी करते. उष्णता बाहेर टाकण्याचे वर सांगितलेले गणित येथेही लागू आहे, आणि पंचेचाळीस अंशांच्या हवेत ते फोनच्या विरुद्ध जाते. अनेक फोनांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की हे यंत्र ० ते ३५ अंश तापमानात वापरावे. आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात नव्हते, पण या बारीक अक्षरांत होते. वरणगावला मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा पारा कधीकधी या मर्यादेच्या जवळ असतो.

मग मित्राचा फोन बिघडला होता कशाने? लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि तिच्या शास्त्रज्ञांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत भारण होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापरताना परत जातात. या जाण्यायेण्यात ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो व तो हळूहळू जाड होतो. बहुतेक रासायनिक क्रियांप्रमाणे हीदेखील तापमानाबरोबर वेग घेते. सर्वसाधारण अंदाज असा, की पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंशांना वर्षभर ठेवली, तर तिची सुमारे वीस टक्के क्षमता कायमची जाते. ४० अंशांना सुमारे पस्तीस टक्के.

क्षमता घटते हे सर्वांना माहीत असते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, बॅटरी ३.७ व्होल्टची आहे आणि फोनने क्षणभर २ अँपिअर प्रवाह मागितला. अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल, तर ०.२ व्होल्ट आतच खर्च होऊन ३.५ व्होल्ट बाहेर मिळतील. रोध ०.३ ओहम झाला असेल, तर मिळतील ३.१. एवढ्यावर फोन तग धरत नाही आणि तीस टक्के शिल्लक असतानाही मान टाकतो.

याच कारणावरून २०१७ मध्ये मोठे प्रकरण झाले. झिजलेल्या बॅटरीमुळे काही आयफोन अचानक बंद पडत होते. ॲपलने प्रणालीच्या नव्या आवृत्तीत अशी सोय केली, की बॅटरी अशक्त असेल तर फोनचा वेगच कमी व्हावा. हे ग्राहकांना स्पष्ट सांगितले नव्हते. लोकांना वाटले, फोन जुना झाला. डिसेंबरमध्ये एका ग्राहकाने आपल्या फोनची फक्त बॅटरी बदलली आणि आधीच्या व नंतरच्या वेगाचे आकडे प्रसिद्ध केले. वेग परत आला होता. फोन तोच, प्रणाली तीच, बदलली एकच गोष्ट. नियंत्रित प्रयोगाचे याहून सोपे उदाहरण आम्हाला तरी आठवत नाही. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि बॅटरी बदलण्याचा अमेरिकेतील दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. बॅटरी बदलून भागणार असताना किती जणांनी त्याआधी नवा फोन घेतला असेल, कोण जाणे.

हे सर्व त्या रात्री आम्ही खाटेवर बसून सांगितले. आप्पांना ते नवीन वाटले नाही. लष्करी दारूगोळ्याची परीक्षा थंड करून आणि तापवून, अशी दोन्ही टोकांना होते. दारू तापलेली असली की ती वेगाने जळते आणि नळीतला दाब वाढतो. "खोलीतल्या टेंपरेचरला पास झालं, एवढ्यावर काडतूस सोडत नसतात," ते म्हणाले. मुलगा मग जरा विचारात पडला आणि त्याने माहितीपत्रक पुन्हा उघडले.

दुसऱ्या दिवशी मित्राने भुसावळला जाऊन फोनची बॅटरी बदलून घेतली. वादात एक मुद्दा मुलाच्या बाजूचाही निघाला. त्याच्या स्वतःच्या फोनला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे बंद झाले होते, आणि त्याच फोनवर घराचे बँकेचे व्यवहार चालत होते. यावर बॅटरी बदलण्याचा इलाज नाही. तेव्हा घरात नवा फोन आला तो मुलासाठी, स्वस्तातला, आणि सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील हे आधी विचारून घेतलेला. काही कंपन्या आता सात वर्षांचे वचन देऊ लागल्या आहेत.

जुलैमध्ये मित्राचे पत्र आले. फोन मध्येच बंद पडणे थांबले आहे. भर दुपारी लांबलचक चित्रफीत पाहिली तर तो अजूनही संथ होतो. भारणाला लावायचा तो पहाटे, खिडकीपाशी, आवरण काढून. उशीखाली ठेवायचा नाही, असा घरात नियम झाला आहे. दहावीच्या मुलांना अंतर्गत रोधाचे गणित त्यांनी याच फोनवरून शिकवले.