वाटसरू, छत्र आणि हेरल्ड

तंजावराहून पट्टुकोट्टैच्या वाटेने दक्षिणेस निघाले म्हणजे ओरत्तनाडू लागते. दुसऱ्या सरफोजी राजांनी मुक्तांबाबाईंच्या नावे १८०२ साली उभारलेले छत्र येथेच आहे. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर भोसल्यांनी अशी अनेक छत्रे बांधली. तेथे वाटसरूला अन्न मिळे, निवारा मिळे आणि तो आजारी पडल्यास औषधपाणीही होई. ज्याला आपण वाटेला लावले, त्याची अर्ध्या वाटेवरची काळजीही आपलीच, अशी त्यामागची समजूत होती. राज्य १८५५ साली संपले. छत्रांची समजूत मात्र आमच्या मते अद्याप जुनी झालेली नाही.

तिची आठवण होण्याचे निमित्त आहे एका मोटारगाडीचे. कोणे एके काळी तामीळ देशातील मध्यमवर्गीयाच्या दारात एक लहानशी, सुबक गाडी उभी असे. तिचे नाव स्टँडर्ड हेरल्ड. ती दिसे देखणी, वळे चटकन, आणि पेट्रोलही बेताचेच खाई. परंतु जुन्या मालकांपुढे तिचे नाव काढले की प्रथम स्मित उमटते आणि त्यामागोमाग सुस्कारा येतो. त्या सुस्काऱ्याचाही इतिहास आहे, आणि तो लिहून ठेवण्याजोगा आहे.

कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड कंपनीच्या सहकार्याने १९४८ साली मद्रासेस स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. देशातच गाड्या घडविण्याची ज्यांची तयारी नव्हती, त्या परदेशी कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. सामान्य गिऱ्हाइकापुढे तीनच नावे उरली : उत्तरपाड्याची अँबॅसेडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. अँबॅसेडरचे इंजिन १४८९ सी.सी.चे, फियाटचे १०८९ चे, आणि हेरल्डचे अवघे ९४८ चे. तिघींत ती धाकटी.

इंग्लंडात ट्रायंफ हेरल्ड १९५९ साली निघाली आणि १९६१ पासून ती मद्रासेस तयार होऊ लागली. तिची आखणी इटालियन रचनाकार मिकेलोत्ती याची. पुढचे बॉनेट पंखांसकट एका झाकणासारखे उघडे, त्यामुळे इंजिनाला हात घालणे सोपे जाई. मागची चाके मात्र एका अखंड आसावर नव्हती. दोन्ही बाजूंचे अर्धे आस वरखाली झुलत आणि त्यांच्यावर एकच आडवा पाटा सगळा भार पेली. एकदोन माणसे आणि गुळगुळीत रस्ता असेल तेथे ही रचना चांगली चाले. तंजावरच्या मुलखात तिची गाठ पडली ती कालव्यांच्या काठाकाठाने जाणाऱ्या वाटांशी, पुलापुलागणिक बसणाऱ्या हिसक्यांशी, आणि तिरुवैयारु, स्वामीमलै, कुंभकोणम अशी देवदर्शने एका दिवसात उरकू पाहणाऱ्या भरल्या कुटुंबाशी. भार वाढला की मागचा भाग खाली बसे, चाके वरून आत आणि खालून बाहेर कलत, आणि टायरांची आतली कड झिजून जाई. १९६८ साली येथे या गाडीला चार दारे आली. मूळ इंग्रजी हेरल्डला ती कधीच मिळाली नव्हती. चार दारांनी माणसांची सोय झाली खरी, पण मागच्या पाट्याचे ओझे काही कमी झाले नाही. तिकडे इंग्लंडात इंजिन ११४७ आणि पुढे १२९६ सी.सी.पर्यंत वाढले. येथे ते अखेरपर्यंत ९४८ चेच राहिले.

दुसरी गोष्ट दिसायला अगदी क्षुल्लक. पुढचे चाक ज्या सांध्यावर वळे, त्या ट्रनिअनमध्ये घट्ट गिअर ऑइल भरावयाचे असे. ग्रीस तेथे चालत नसे. ग्रीस घट्ट होऊन बसे, आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नसे, मग पाणी शिरे आणि लोखंड गंजे. शेवटी एखाद्या दिवशी तो दांडा मोडून चाक आडवे पडे. ही चूक इंग्लंडातही सर्रास होत असे. मग जेथे प्रत्येक सांध्याला ग्रीसच देण्याचा रिवाज, आणि जेथे ईशान्य मोसमी पावसात रस्त्यावर पाणी चढते, तेथील मेस्त्रीला दोष काय द्यावा? त्याने आपल्या समजुतीने गाडीची सेवाच केली होती. यंत्र आले, परंतु यंत्राची रीत त्याच्यापर्यंत पोहोचली नाही.

मालकाला यातले काय कळणार? मद्रास सुमारे ३४० किलोमीटर दूर. गाडी बंद पडली की तो कधी ड्रायव्हरला बोल लावी, कधी मेस्त्रीला, आणि कोणीच न सापडल्यास आपल्या नशिबाला. ती विकून दुसरी घ्यावी म्हटले, तर नव्या गाड्यांच्या वाटपावर सरकारचे नियंत्रण आणि रांगा लांबच लांब. जेथे गिऱ्हाईकच वाट पाहत तिष्ठत उभे असते, तेथे मालाच्या दर्जाची घाई कोणास असणार? तक्रारी इतक्या वाढल्या की १९६७ साली भारत सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमती बांधून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. किमतीसाठी भांडावयास कारखानदारांना न्यायालय होते. ज्याची गाडी भर पावसात कालव्याच्या काठी उभी राहिली, त्याला दिवाणी दावा लावण्यावाचून दुसरे दार नव्हते, आणि एका टायरासाठी दावा कोण लावतो?

कारखान्याने शेवटी चूक ओळखली. १९७२ साली निघालेल्या गझेलमध्ये झुलते आस काढून मागे अखंड आस बसविण्यात आला. म्हणजे मालकांचा सुस्कारा खोटा नव्हता, हे रचनेनेच मान्य केले. पण दहा वर्षे उलटून गेली होती. गझेलही १९७७ च्या सुमारास थांबली. १९८५ साली आणलेली मोठी, महागडी स्टँडर्ड २००० चालली नाही, आणि १९८८ साली मोटारींचे उत्पादन कायमचे बंद पडले. ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ साली. सदोष मालाबद्दल उत्पादकाचे दायित्व स्वतंत्रपणे सांगणारा नवा कायदा तर २०१९ चा. हेरल्डच्या मालकांना या दोहोंचाही उपयोग झाला नाही.

आम्ही हेरल्डची निंदा करण्यासाठी हे लिहीत नाही. तिने अनेक घरांना प्रथमच स्वतःच्या गाडीतून देवदर्शन घडविले, आणि आजही हौशी लोक तिला जिवापाड जपतात. स्वतंत्र देशाने स्वतःच्या हाताने गाडी घडवावी ही आकांक्षाही थोरच होती. प्रश्न इतकाच की त्या आकांक्षेची किंमत कोणी मोजली? ती मोजली त्या शाळामास्तराने, त्या वकिलाने, त्या लहान मिरासदाराने, ज्यांनी साठविलेला पैसा एका गाडीत घातला आणि पुढे तिचे दुखणे घरचेच समजून सोसले.

तंजावरच्या मोडी दप्तरांत छत्रांवरील खर्चाचे हिशेब जपून ठेवलेले आहेत. वाटसरूंसाठी काय खर्ची पडले, हे लिहून ठेवण्याजोगे आहे असे त्या कारकुनांना वाटले. हेरल्डच्या मालकांचे हिशेब मात्र घरोघरच्या वह्यांत राहिले आणि वह्यांबरोबर रद्दीत गेले. ज्यांच्या घरी अशी एखादी वही अजून असेल, त्यांनी ती टाकू नये. राज्याने छत्र बांधले की नाही, हे वाटसरूच्या वहीवरूनच कळते.