क्लच गेला, हे ठरवण्याची कुळकथा

चढावर गाडी ओढेनाशी झाली, की संशय पहिल्यांदा क्लचवर जातो आणि ठरलेल्या परीक्षा सुरू होतात. पेडल किती वर आल्यावर गाडी उचलते, हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर इंजिन बंद पडतं का, जळका वास येतो का, आणि गाडी किती किलोमीटर चालली. या साऱ्या खुणांना आपण सारखंच वजन देतो. क्लचचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. यातली प्रत्येक खूण क्लचच्या कुठल्या ना कुठल्या रचनेवर अवलंबून आहे, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत ती रचना अनेकदा बदलली. रचना गेली तरी खूण तोंडोतोंडी पुढे चालत राहिली. म्हणून आजच्या गाडीत काही खुणा खरं सांगतात, काही अर्धंच सांगतात आणि एखादी साफ फसवते. पहिल्या गाडीपासून आजपर्यंत अर्थ न बदललेली खूण एकच आहे : इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडीचा वेग वाढत नाही.

कार्ल बेन्झच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत आजच्यासारखा क्लच नव्हता. इंजिनाची गती पट्ट्यानं पुढे जाई. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की गाडी उभी, दांडा सरकवून तो पक्क्या पुलीवर आणला की गाडी चालू. त्यानंतरच्या गाड्यांमध्ये रुळला तो शंकूच्या आकाराचा क्लच. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरच्या जड चाकाला, आतून निमुळता खळगा, त्यात स्प्रिंगच्या जोरानं बसणारा तसाच निमुळता शंकू आणि शंकूच्या अंगावर रिव्हेट मारून बसवलेलं चामडं. या चामड्याची दोन दुखणी तेव्हाच्या चालकांना पाठ होती. इंजिनाचं तेल उडून चामडं ओशट झालं की क्लच घसरे. ते वाळून कडक झालं की क्लच एकदम धरे आणि गाडी हिसका देऊन निघे. उपायही सरळ होते. घसरत असेल तर चामड्यावर मुलतानी माती भुरभुरायची, म्हणजे ती तेल शोषून घेई. हिसके देत असेल तर एरंडेल किंवा जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल चोळून चामडं मऊ करायचं. पायाखालची फळी उचलली की क्लच समोर दिसे, त्यावर बोट फिरवता येई. त्यामुळे आडून तर्क करत बसण्याची फारशी वेळच येत नसे.

तर्काची गरज पडली ती क्लच झाकला गेल्यावर. चामड्याला उष्णता सोसत नव्हती. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १९०८ च्या सुमारास अॅस्बेस्टॉस आणि राळ यांचं अस्तर ब्रेकसाठी आणलं आणि त्याच जातीचं अस्तर पुढे क्लचमध्येही आलं. त्याच काळात शंकूच्या जागी चपटी प्लेट येऊ लागली. फ्रान्सच्या द दियाँ-बुताँ कंपनीनं एका प्लेटचा क्लच लवकर वापरला होता. १९२० च्या दशकात तो सर्वत्र पसरला. आता ही प्लेट फ्लायव्हील आणि तिला मागून दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली आणि सगळा संच लोखंडी कवचात बंद. बघायचा तर गिअर बॉक्स उतरवावा लागे. एवढा खटाटोप करण्याआधी खात्री हवी, म्हणून पेडल, आवाज, वास आणि ओढ यांवरून निदान करण्याची विद्या वाढली. तेव्हाच्या प्रेशर प्लेटमागे गोल वेटोळ्यांच्या स्प्रिंगा असत. प्लेट झिजून पातळ झाली की स्प्रिंगा तेवढ्या लांबत आणि त्यांचा दाब कमी होई. म्हणजे झीज आणि पकड बरोबरीनं उतरत जात. क्लच महिनोन्महिने आधी सूचना देई : आधी चढावर, मग सपाटीवरही भार पडला की घसरे. ‘क्लच हळूहळू जातो’ ही समजूत या रचनेला तंतोतंत लागू होती.

वेटोळ्यांच्या जागी चकतीसारखी डायफ्राम स्प्रिंग आली आणि हे गणित बदललं. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती गाड्यांत दिसू लागली, युरोपात १९६० च्या दशकात तिचा प्रसार झाला. जर्मनीतल्या ब्यूल गावी १९६५ मध्ये सुरू झालेल्या लुक कंपनीचा त्यात मोठा वाटा होता. या स्प्रिंगचा स्वभाव निराळा आहे. प्लेट झिजू लागली की तिचा दाब कमी होण्याऐवजी आधी थोडा वाढतो आणि झीज बरीच पुढे गेल्यावरच उतरतो. म्हणून अर्धी झिजलेली प्लेटही नव्याइतकीच घट्ट धरते. हा फार मोठा फायदा आहे, पण निदान करणाराला तो महाग पडतो, कारण मधल्या सूचना नाहीशा होतात. काल धड होता, आज घसरायला लागला, अशी तक्रार घेऊन आलेला गाडीमालक बहुधा खरंच बोलत असतो. पेडलच्या जडपणाचं तर उलटंच झालं. जुन्या क्लचमध्ये झिजेबरोबर पेडल हलकं होई, आता ते जड होतं. जड पेडल म्हणजे केबल सुकली, एवढंच धरून केबलला तेल देत बसलं तर मूळ कारण आतच राहतं.

सगळ्यात जास्त भरवसा ठेवला जातो तो ‘क्लच वर आला’ या खुणेवर. केबलच्या गाडीत ती चांगली खूण आहे. प्लेट पातळ झाली की डायफ्राम स्प्रिंगची आतली बोटं त्यांना रेटणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे सरकतात, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, कमी होतो आणि गाडी पेडल बरंच वर आल्यावर उचलते. फ्री प्ले पार संपला तर बेअरिंग सतत बोटांना टेकून राहतं आणि चांगली प्लेटही घसरू लागते, म्हणून आधी केबल सेट करून पाहायची. पण आता बहुतेक गाड्यांत क्लच तेलाच्या दाबावर चालतो. तिथे बोटं सरकली की खालच्या सिलिंडरचा पिस्टन तेवढा मागे ढकलला जातो, तेल वरच्या टाकीत परत जातं आणि पेडल जवळपास होतं तिथेच गाडी उचलत राहतं. ब्रेकचे पॅड झिजले की टाकीतलं तेल उतरतं, क्लचची प्लेट झिजली तर ते किंचित चढतं. अशा गाडीत पेडल खाली आहे म्हणून प्लेट चांगली, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

यावर जाणते मेकॅनिक म्हणतील, की हँडब्रेकची परीक्षा तर कुठल्याही रचनेला चालते. ती चालते, पण एकाच बाजूनं. हँडब्रेक घट्ट असताना इंजिन बंद पडलं नाही, तर क्लच नक्की गेला. बंद पडलं म्हणून क्लच चांगला ठरत नाही. त्या परीक्षेत इंजिन कमी फेऱ्यांवर असतं, त्याचा जोर थोडा असतो, आणि तेवढा जोर थकलेली प्लेटही पेलते. वासाचंही तसंच. जळकी राळ नाकाला झोंबते ती प्लेट तापली म्हणून. घाटातल्या कोंडीत अर्धा तास हाफ क्लचवर गाडी धरली तर नवी प्लेटही वास देते. तो वास चालवण्याची पद्धत सांगतो, उरलेली जाडी सांगत नाही. किलोमीटरवरून तर काहीच ठरत नाही, कारण प्लेट झिजते ती मुख्यतः उचलताना आणि गिअर बदलताना. हमरस्त्यावर एका गिअरमध्ये पळणाऱ्या गाडीची प्लेट कितीही अंतर गेलं तरी फारशी झिजत नाही. आणखी एक गल्लत नेहमी होते. गिअर अडकतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते, म्हणून प्लेट बदलली जाते. पण झिजलेली प्लेट धरायला कमी पडते. गिअर अडकतो तो क्लच पुरता सुटत नाही म्हणून, आणि त्याचं मूळ बहुधा केबल, गळका सिलिंडर किंवा तेलात शिरलेली हवा यांत असतं.

उरते ती वरच्या गिअरची परीक्षा. मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो चढावर, चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगानं जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि फेऱ्यांच्या काट्याकडे बघायचं. खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन वेग घेते, त्यामुळे भाराचा क्षण लवकर निघून जातो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा पूर्ण जोर बराच वेळ प्लेटवर राहतो आणि कमी पडणारी पकड उघडी पडते. काटा वर उडाला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट आणि फ्लायव्हील वेगवेगळ्या गतीनं फिरताहेत, हे निर्विवाद. चामड्याच्या शंकूलाही हीच परीक्षा लागू होती, कारण ती मोजते ती प्रत्यक्ष घसरण. क्लच का घसरतो, हे मात्र तीही सांगत नाही. झिजलेल्या प्लेटइतकीच तेल लागलेली प्लेटही घसरते, आणि इंजिनाचं सील गळत असेल तर नवी प्लेटही तशीच ओशट होईल. म्हणून गिअर बॉक्स उतरला की गाडीमालकानं स्वतः जाऊन प्लेट हातात घ्यावी. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती खोल आहे ते मोजायला सांगावं. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तकांत ही मर्यादा ०.३ मिलिमीटर दिलेली असते. आणि गाडी जुनी असेल, तर कवचातली धूळ हवेच्या झोतानं उडवू देऊ नये, ओल्या फडक्यानं पुसायला लावावी. त्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं.