चावडी, कोलन आणि चार टिल्ड

अंबाजोगाईच्या माणसासमोर एक वाक्य सहज टाकून बघा, "मुकुंदराज तुमचे नव्हतेच, ते वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचे." पुढचा तासभर तुमची सुटका नाही. मी बीड जिल्ह्यातलाच, त्यामुळे माझं मत काय असेल ते ओळखलंच असेल तुम्ही :) पण वाद खरा आहे. विवेकसिंधूचा काळ परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ धरतात. गावाबद्दल अंबाजोगाई आणि अंभोरा असे दोन पक्ष, आणि ग्रंथाची आज हाती असलेली भाषा इतकी जुनी वाटत नाही म्हणणारा तिसरा.

आता समजा हे तिन्ही पक्ष विकिपीडियाच्या एका चर्चा पानावर आले. दुसऱ्याने पहिल्याच्या एका वाक्याला उत्तर दिलं, तिसऱ्याने दुसऱ्याला, आणि चौथा कुणीतरी सही न करताच मधे दोन ओळी टाकून पसार. कोण कुणाला काय म्हणालं? दिसायला किरकोळ प्रश्न. पण विकीवाल्यांनी यावर पंधराएक वर्षं घालवली, दोन सॉफ्टवेअर लिहिली, आणि दोन्ही बाजूला ठेवली.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. वॉर्ड कनिंगहॅमने २५ मार्च १९९५ ला पहिली विकी सुरू केली तेव्हा चर्चा आणि मजकूर एकाच पानावर असायचे. लोक त्याला थ्रेड मोड आणि डॉक्युमेंट मोड म्हणायचे. आधी गप्पा मारायच्या, मग कुणीतरी त्या गाळून, आटवून त्याचा नीट मजकूर करायचा. गप्पा टिकवायच्या असतात असं कुणाला फारसं वाटत नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य खोडणं हा उद्धटपणा नव्हता, ते कामच होतं.

विकिपीडियाला (१५ जानेवारी २००१) हे चालणार नव्हतं. ज्ञानकोशाच्या लेखातच भांडण कसं ठेवणार? म्हणून आधी लेखाच्या पोटात चर्चेची उपपानं आली, आणि जानेवारी २००२ मधे माग्नुस मान्स्केने लिहिलेल्या नव्या सॉफ्टवेअरबरोबर प्रत्येक लेखाला स्वतःचं चर्चा पान मिळालं. पण गंमत अशी की ते पान म्हणजे आणखी एक कोरा कागदच! सॉफ्टवेअरला 'उत्तर' नावाची गोष्ट माहीतच नव्हती. लोकांनीच रीत पाडली. उत्तर देताना ओळीच्या आधी कोलन, उत्तराच्या उत्तराला दोन कोलन, शेवटी ~~~~ असे चार टिल्ड, की नाव आणि वेळ उमटते.

१ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे लेखामागच्या पानाला 'चर्चा' म्हणतात आणि सगळ्यांनी जमायच्या पानाला 'चावडी'. नाव ज्याने सुचवलं त्याला मानलं पाहिजे. वतनाचा वाद निघाला की गोतसभा बसायची आणि शेवटी महजर लिहिला जायचा. त्यात दोन्ही पक्षांचं म्हणणं, साक्षी, निवाडा, सगळं एकाच लांब कागदावर. आणि खाली हजर असलेल्यांच्या निशाण्या. पाटलाने नांगर काढायचा, बाकीच्यांनी आपापल्या धंद्याचं हत्यार. लिहिता येत नसलं तरी 'मी होतो' हे कागदावर राहायचं. ही निशाणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

असो. २००६ च्या गूगल समर ऑफ कोडमधे डेव्हिड मॅकेब या विद्यार्थ्याने लिक्विडथ्रेड्स लिहायला घेतलं. प्रत्येक प्रतिक्रिया सुटी, स्वतःच्या पानावर साठवलेली, खाली उत्तराचं बटण. पुढे अँड्र्यू गॅरेटने ते काम चालवलं. ट्रान्सलेटविकी, जिथे मीडियाविकीच्या बटणांचं मराठी भाषांतर होतं, तिथल्या मदतीच्या पानावर हेच बसवलं होतं. मोठ्या विकिपीडियांवर मात्र ते सरसकट कधीच पोहोचलं नाही.

मग विकिमीडिया फाउंडेशनने २०१३ मधे 'फ्लो' काढलं. फेब्रुवारी २०१४ मधे इंग्रजी विकिपीडियाच्या दोन प्रकल्पांवर त्याची चाचणी झाली, त्यातला एक चक्क न्याहारीवरचा. आता न्याहारीवर कोण भांडणार, असा हिशोब असावा... पण भांडण झालंच, फक्त न्याहारीवर नाही. ऐसपैस मोकळी जागा, न संपणारं स्क्रोलिंग, उत्तरांच्या पायऱ्यांवर मर्यादा, आणि सुरुवातीला दुसऱ्याच्या मजकुराला साध्या सदस्याने हात लावायचा नाही. जुन्या लोकांना हे शेवटचं सगळ्यात जास्त झोंबलं. चर्चा पानावर ते नुसतं बोलत नव्हते. तिथेच परिच्छेदाचा कच्चा मसुदा मांडायचे, तक्ते करायचे, दोन विषय एकत्र करायचे, मधेच उपशीर्षक घालायचे. फ्लोने प्रत्येकाला आपापली खोली दिली आणि मधलं अंगण काढून घेतलं.

माझ्या मते पानाबद्दल जुने लोक बरोबर होते. पण नवीन माणसाबद्दल ते साफ चुकत होते. "कोलन घालता येत नसेल त्याने लेख तरी काय लिहावा" हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. माजलगावच्या एखाद्या शिक्षकाने फोनवरून पहिल्यांदा काही विचारायचं ठरवलं, तर मराठी कीबोर्डवर टिल्ड शोधण्यातच त्याचा उत्साह संपणार. मुकुंदराजांबद्दल त्याला जे माहीत आहे ते मग त्याच्याजवळच राहणार. फ्रेंच विकिपीडियाने नवागतांच्या मदतीच्या पानावर फ्लो आवडीने वापरलं, ते काय उगाच?

सप्टेंबर २०१५ मधे फ्लोवरचं मुख्य काम थांबलं. २०१६ मधे इंग्रजी विकिपीडियाने ते काढूनच टाकलं. मग फाउंडेशनने आधी करायला हवं होतं ते २०१९ मधे केलं, वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांना विचारलं. उत्तर साधारण असं आलं की पान तसंच ठेवा, फक्त लिहिणं सोपं करा.

त्यातून निघालेलं उत्तराचं बटण मार्च २०२० मधे अरबी, डच, फ्रेंच आणि हंगेरियन विकिपीडियांवर आलं, इंग्रजीवर सरसकट सगळ्यांना २०२२ मधे. बाहेरून बघाल तर तेच बटण, जे २००६ पासून मागत होते. आतून मात्र उलटा प्रकार. वेगळा डेटाबेस नाही, खोल्या नाहीत. तोच जुना लांब कागद. सॉफ्टवेअर पान वाचतं, त्यात सही आणि वेळ शोधतं, आणि जिथे सही सापडली तिथे एक प्रतिक्रिया संपली असं धरतं. कोलन किती ते मोजून कोण कुणाला म्हणालं ते ठरवतं. तुम्ही उत्तर दिलंत की कोलन आणि सही तेच घालतं. म्हणजे महजर तसाच, निशाणी वाचणारा कारकून तेवढा नवीन!

कोड लिहिणाऱ्याला विचाराल तर हे काम भयंकर किचकट आहे. प्रत्येक भाषेत महिन्यांची नावं वेगळी, तारखेचा क्रम वेगळा, मराठीत तर अंकही देवनागरी. माणसांसाठी उमटवलेली वेळ यंत्राने वाचायची म्हणजे प्रत्येक विकीसाठी वेगळा नियम. नव्याने डिझाइन करताना कुठलाही शहाणा इंजिनियर हा मार्ग सुचवणार नाही, डिझाइन रिव्ह्यूमधेच उडेल. एरवी मीही उडवला असता.

पण त्याचा एक फायदा दोन्ही जुन्या सॉफ्टवेअरना कधीच मिळाला नाही. कुणी वीस वर्षांपूर्वी केलेली चर्चा, जर सही केली असेल आणि ती जुन्या पानांच्या साठ्यात गेली नसेल, तर तिच्याखालीही आज उत्तराचं बटण दिसतं. सही न करता गेलेल्या त्या चौथ्याच्या ओळी मात्र खालच्या माणसाच्या म्हणण्यात मिसळून जातात. आणि फ्लोवर झालेल्या चर्चा? त्या साध्या पानांवर उतरवून घ्यायचं काम नंतर वेगळं करावं लागलं.