खुंटाचा गुलाब

इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या हत्तींच्या दरवाजापासून चार गल्ल्या आत आमचे घर आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी अंगणातला एक पिवळा कलमी गुलाब वाळला आणि काही आठवड्यांनी त्याच्या बुडातून, डोळा भरलेल्या जागेच्या खालून, वेगळीच फूट आली. अशी फूट काढून टाका, असे कोणताही माळी सांगेल, कारण ती कलमाची नव्हे, खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ झाडाची. आम्ही ती वाढू दिली. पुढच्या हिवाळ्यात झुपक्याने फुले आली: गडद गुलाबी, वाटीसारखी, ओंजळभर घेतली तर हातांना संध्याकाळपर्यंत वास राहील अशी. तो एडवर्ड गुलाब होता. जुने, काटक गुलाब जमवण्याचा आमचा छंद तिथून सुरू झाला. ज्याला नुसता आधार समजत होतो, तोच अंगणातल्या सर्वांत जुन्या घराण्यातला निघाला.

या घराण्याचा मागोवा घेताना आपण आधी नावापाशी थांबू. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब हे मुळात गुलाबपाण्याचे नाव, ते आपल्याकडे फुलालाच चिकटले. बाबराने मुलींची नावे गुलरंग, गुलचेहरा, गुलबदन अशी ठेवली. पुढे नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गुलाबपाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग वेगळा काढला आणि जहांगीराने आत्मचरित्रात त्याची कौतुकाने नोंद केली. मोगल अमलात नाशिक हे गुलशनाबाद झाले होते. पेशवाईत जुने नाव परत आले, पण अत्तरगुलाब मराठी दरबारांत आणि लग्नमुंजींत कायमचा राहिला. हा सारा काळ दमास्कसच्या गुलाबाचा. त्याचा सुगंध अपूर्व, पण बहर वर्षातून एकदाच; म्हणून उत्तरेत त्याला चैती गुलाब म्हणतात.

वर्षभर फुलण्याचा गुण चीनकडून आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाब जहाजांतून युरोपकडे निघाले, तेव्हा त्यांतले काही वाटेत कलकत्त्याला थांबले. तिथे 1787 मध्ये वनस्पती उद्यान सुरू झाले होते. फ्रेंच माळी तर या चिनी पाहुण्याला बंगालचा गुलाबच म्हणू लागले. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर, चिनी आणि दमास्कस या दोन्ही गुलाबांची कुंपणे असत. त्यांच्या संकरातला एक गुलाब तिथे एदुआर नावाने ओळखला जाई. 1817 मध्ये बेटावर आलेल्या ब्रेऑं या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या तो नजरेत भरला, 1819 मध्ये त्याचे बी फ्रान्सला गेले आणि बूर्बाँ गुलाबांचा वंश सुरू झाला. आपल्याकडे एदुआरचा एडवर्ड झाला. काडी खोचली की रुजणारा, उन्हाला न डगमगणारा, म्हणून तो कुंपणाला लागला, हारांत गेला, गुलकंदात मुरला. मग 1867 च्या ‘ला फ्रान्स’पासून हायब्रिड टी गुलाबांचे युग आले, एडवर्डच्या अंगी नव्या जातींचे डोळे भरले जाऊ लागले आणि त्याचे स्वतःचे फूल दिसेनासे झाले. याची मला खरोखर हळहळ वाटते.

आमच्या भागाजवळच होळकरांची लालबाग. 1886 मध्ये सुरू झालेले तिथल्या राजवाड्याचे काम 1921 मध्ये पुरे झाले, आणि तिथली गुलाबबाग एके काळी देशात नावाजलेली होती. याच शहरात 1924 ते 1931 या काळात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी सहकारी यशवंत वाड यांच्यासह काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. आमच्या खड्ड्यांत आजही तेच खत पडते, जोडीला वाळू आणि विटांचे तुकडे. कारण माळव्याची काळी माती श्रावणात मुळांशी पाणी धरून बसते.

युरोपात काटक गुलाब म्हणजे हिमात तगणारा. इथे वैशाखात तगून श्रावणातही न कुजणारा हवा. दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी आपल्या हवेत वाढणारे गुलाब घडवले. 1968 चा ‘डॉ. होमी भाभा’ त्यांचाच. 1888 मध्ये कॉलेट या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला ब्रह्मदेशाच्या शान डोंगरांत सापडलेल्या रानगुलाबापासून कोडाईकनालचे गुलाबपैदासकार वीरराघवन उष्ण प्रदेशासाठी नव्या जाती करत आले.

यंदा दसऱ्यानंतर छाटणी केली, तेव्हा एडवर्डच्या वीतभर काड्या निवडून ओल्या वाळूत तिरप्या खोचल्या. आता त्यांना तांबूस पालवी फुटली आहे. शेजाऱ्यांनी चार रोपे मागून ठेवली आहेत. देताना एवढेच सांगायचे आहे, की यांच्यावर डोळा भरू नका.