आधी दार गप्प करा

कोळगावला कलेक्टर कचेरीत काम होतं. ते आटोपून बोईसर रस्त्यावरच्या एका डेकवाल्याकडे गाडी लावली आणि म्हटलं, "मोठे स्पीकर बसव." त्याने काही न बोलता बोटाच्या पेरांनी दारावर टकटक केलं. खण्ण! "ऐकलंत ना काका? डबा वाजतोय. आधी दार गप्प करू, गाण्याचं मग बघू."

हा हिशेब गाडीतल्या संगीताइतकाच जुना आहे. 1930 साली शिकागोच्या पॉल गॅल्विनला मोटारीत रेडिओ बसवायचा होता. घरात सुरेल वाजणारा रेडिओ मोटारीत नुसता कडकडायचा. प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी सोडते (सुरुवातीची बिनतारी यंत्रं ठिणगीवरच चालत), म्हणजे इंजिन हेच एक उपद्रवी प्रक्षेपण केंद्र! त्याच्या मदतीला आलेल्या विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांनी एकेक खरखर शोधून बंद केली. जूनमध्ये अटलांटिक सिटीत रेडिओवाल्यांचं संमेलन होतं. गॅल्विनला तिथे स्टॉल मिळाला नव्हता. त्याने आपली स्टुडबेकर बाहेर उभी केली आणि आवाज मोठा केला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. मोटारीतला 'मोटर' आणि व्हिक्ट्रोला ग्रामोफोनचं शेपूट 'ओला'. कंपनीचं नाव पुढे त्यावरूनच पडलं.

स्पीकरची गोष्ट याच्या पाच वर्षं आधीची. राइस आणि केलॉग या अमेरिकन जोडीने 1925 साली कागदी शंकूचा, तारेच्या वेटोळ्याचा स्पीकर मांडला; आजचे बहुतेक स्पीकर त्याच कुळातले. शंकू पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे खेचतो. कडेवरून या दोन लहरी भेटल्या की एकमेकींना खातात, आणि पहिला बळी खर्जाचा. म्हणून मध्ये आडभिंत हवी.

मुंबईच्या फियाट टॅक्सीत मागच्या काचेखालच्या फळीवर लंबगोल स्पीकर असायचे. आपण त्याला शोबाजी म्हणत हसलो, पण फळी ही आडभिंत होती आणि खालची बंद डिकी हे आयतं खोकं! पुढे हॅचबॅक आल्या, फळी उचलून ठेवायची झाली आणि स्पीकरची मुख्य मदार दारांवर आली. दार म्हणजे भोकं पडलेला, थरथरणारा पत्रा. आमच्या भागातला तारपा बघा: फुंक साठवायला भोपळा, सूर उघडायला ताडाच्या पानांचा कर्णा. त्या भोपळ्याला चीर गेली तर वाजवणारा आधी ती बुजवेल. नवा कर्णा आणायला धावणार नाही.

डेकवाल्याने दाराचं अस्तर काढलं, आतली धूळ पुसली आणि पत्र्यावर अॅल्युमिनियमची पाठ असलेला ब्यूटाइल रबरचा चिकट ताव लावून रूळ फिरवला. पत्रा वाकू लागला की वरची पन्नी रबराला जखडते, रबर आतल्या आत ताणलं जातं आणि थरथर उष्णता होऊन विरते. अख्खं दार मढवावं लागत नाही. मधला मोकळा पत्रा धरला तरी बराच फरक पडतो. आतल्या भिंतीची भोकंही बुजवली, पाणी निथळायची खालची तेवढी ठेवली. ती बुजवली की पावसाळ्यात दारात डबकं.

स्पीकर जुनेच परत बसवले. "गाणं लावू?" मी विचारलं.

"थांबा," म्हणत त्याने दार उघडून लोटलं.

धप्प.