कानउघाडणीचा अधिकार

चुकलेल्या भावाला कसे सावरावे याविषयी नवा करार संदिग्ध नाही. मत्तयाचा 18वा अध्याय सांगतो की आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलावे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा 6वा अध्याय त्याला सौम्यपणे ताळ्यावर आणायला आणि तसे करताना स्वतःलाही जपायला सांगतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तर एकमेकांना बोध करणे आणि स्तोत्रे गाणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात येतात. या तिन्ही ठिकाणी बोलणारा आणि ऐकणारा एका पातळीवर आहेत असे गृहीत धरले आहे. बोध करणाराच घरमालक, शाळेचा चालक आणि पगार देणारा असेल तर काय करावे? नाशिकच्या ख्रिस्ती समाजापुढे हा प्रश्न पहिल्या पिढीपासून उभा होता. त्याच्या इतिहासावरून एक गोष्ट मांडता येते: ऐकणाऱ्याची भाकरी ज्याच्या हातात नव्हती, त्याचाच बोध खोलवर रुजला.

चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850च्या दशकात नाशिकलगत शरणपूर वसवले. धर्मांतरानंतर गावाने आणि भाऊबंदांनी टाकलेली माणसे तिथे आली. पुढे गुलामांच्या व्यापारातल्या अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे शिकली आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर त्यांनी हस्तगत केले. राहायला जागा, मुलांना शाळा, हाताला काम आणि रविवारची उपासना हे सारे एकाच हातून मिळे. अशा वस्तीत पाळकाने मायेने सांगितलेली गोष्टही हुकमासारखी ऐकू येणारच. ‘हो साहेब’ म्हणणारा मनापासून म्हणतो आहे की छपरासाठी, हे ओळखायला सांगणाऱ्याकडेही साधन नव्हते. हा दोष कोणा एका मिशनऱ्याच्या स्वभावाचा नव्हता. तो त्या व्यवस्थेतच होता.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. शरणपूर नसते तर ही माणसे गेली असती कुठे? आणि तिथल्या शिकवणुकीतून खंबीर माणसे घडली नाहीत का? घडली, आणि त्याचा ठळक पुरावा नाशिकहून फार दूर सापडतो. शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने 1866 मध्ये इथली काही मुले आफ्रिकेच्या मोहिमेवर नेली आणि त्यांच्या आळसाच्या तक्रारी रोजनिशीत लिहून ठेवल्या. त्याच मुलांपैकी एडवर्ड गार्डनर मात्र अखेरपर्यंत त्याच्यासोबत राहिला. 1872 मध्ये मागाहून गेलेल्यांत जेकब वेनराइट होता. मे 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा एकही गोरा माणूस जवळ नव्हता. सोबत्यांनी हृदय तिथेच पुरले, जेकबने दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. वाटेत भेटलेल्या कॅमेरॉन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मृतदेह तिथेच पुरण्याचा सल्ला दिला, तोही या मंडळींनी मानला नाही. देह किनाऱ्यापर्यंत नेला. शरणपूरचे शिक्षण वाया गेले नव्हते हे यातून दिसते. पण ते कसाला उतरले ते देखरेख संपल्यावर, निर्णय स्वतःचा झाल्यावर. आक्षेपातला हा पुरावा मूळ म्हणण्यालाच बळ देतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. जातीसारखा हाडीमाशी खिळलेला दोष गोड बोलून जातो का? तिथे सक्तीच हवी, असे अनेकांना वाटे. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद पाळायचा नाही असा आदेश काढला. तो न्याय्य होता. तरी तमिळ मुलखात त्यावरून मंडळ्या फुटल्या. याच्या शेजारी नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीची कहाणी ठेवून पाहावी. लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक होते की मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी पत्नीवर धर्म बदलण्याची बळजबरी केली नाही. धर्मांतरामुळे झालेल्या ताटातुटीनंतर पुन्हा एकत्र आल्यावरही त्या वेगळी चूल आणि वेगळे पाणी सांभाळत होत्या. पुढे विचार करता करता, माणसानेच हे भेद केले असे त्यांच्या मनाने घेतले आणि सोवळे सुटले. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आदेशाने वागणे बदलते. इथे माणूस बदलले, म्हणून पुन्हा मागे वळणे झाले नाही. अर्थात अन्याय सोसणाऱ्याने दुसऱ्याचे मन पालटेपर्यंत थांबावे, असा याचा अर्थ नव्हे. चर्चच्या दारात आणि पंगतीत समतेचा नियम हवाच. नियम दुबळ्याचे रक्षण करतो. मन वळवण्याचे काम मात्र त्याच्याकडून होत नाही.

टिळकांना हा फरक कळला होता. मिशनच्या आधाराने मराठी ख्रिस्ती समाज परावलंबी झाला, ही त्यांची खंत होती. ती त्यांनी चर्चशी नाते न तोडता बोलून दाखवली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांचे मुख्य साधन राहिले ते भजन. ओवी-अभंगांच्या वळणाची त्यांची गीते आजही मराठी उपासनेत गायली जातात. भजनात सांगणारा स्वतःलाही सांगत असतो. ‘तू चुकलास’ ऐवजी ‘आम्ही चुकलो’ हा सूर तिथे आपोआप लागतो.

पण बोध करणारा बोधाच्या पलीकडे असतो का? टिळकांचा तापटपणा, त्यांचा अव्यवहारीपणा ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हसत हसत मांडला आहे. आदर तसूभर कमी न करता आणि एकही चूक न झाकता. 1934 पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले आणि 1936 मध्ये नाशिकलाच त्यांचे देहावसान झाले. संत ठरू पाहणाऱ्या माणसाला पुन्हा माणसांत बसवणे हीसुद्धा सहविश्वासूची सेवाच. आज मंडळ्यांतून मालमत्तेचे आणि पदांचे वाद होतात, तेव्हा शिस्तीची भाषा लगेच ओठांवर येते. नाशिकचा इतिहास त्याआधी एक साधी कसोटी लावायला सांगतो: ज्याची कानउघाडणी करायची, त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक आहे का, आणि तो उलट आपली चूक दाखवू शकतो का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच तो बोध. एरवी ते केवळ व्यवस्थापन.